दस्तुरीपर्यंतचा कॉम्प्रेसर

माथेरान हे गाडीवाल्यांचं गाव नव्हे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी आली, मोटार मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबते. २०२२च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने आणि चाचणी म्हणून. पेट्रोलच्या गाडीला दस्तुरीच्या पुढे प्रवेश नाही, मग ती कितीही लाखांची असो. तरीही सुपरचार्जर बसवलेली दमदार गाडी रोजच्या वापरात ठेवणाऱ्याला तिची खरी तब्येत कळायची असेल, तर मुंबई-पुण्याच्या मधल्या पट्ट्यात नेरळ ते दस्तुरी या सात-आठ किलोमीटरच्या घाटासारखी जागा नाही. द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी शंभरच्या मर्यादेत कुठलीही बरी गाडी शहाण्यासारखी वागते. समोरून वारा भरपूर लागतो, इंजिन निवांत फिरतं आणि दोष झाकले जातात. घाटात उलट असतं. वेग वीस-पंचवीस, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला, समोर टॅक्सी अडकलेली, वारा नाही.

अशा गाड्या आपल्याकडे आहेत कुठे, असं कुणी विचारेल. आहेत, आणि वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत. मर्सिडीजच्या जुन्या सी-क्लासच्या डिकीवर ‘कॉम्प्रेसर’ अशी जर्मन अक्षरं दिसतात, तीच ही जात. मर्सिडीज १९९४ पासून पुण्यात आहे, आधी पिंपरीत, २००९ पासून चाकणला. सी २०० कॉम्प्रेसर आपल्याकडे विकली गेली ती पुण्यात जोडणी होऊनच. इंजिन फक्त १.८ लिटरचं, पण २००८च्या सुमाराच्या गाडीत ताकद १८४ अश्वशक्ती. सुपरचार्जर काढला तर तेवढ्याच इंजिनातून सव्वाशेच्या आसपास निघाली असती. पुढे कंपनीने त्या जागी टर्बो आणला आणि ती अक्षरं गेली. जॅग्वारचं पाच लिटरचं व्ही-८ आणि ऑडीचं तीन लिटरचं टीएफएसआय ही याच कुळातली मोठी भावंडं. आज जुन्या कॉम्प्रेसरची किंमत नव्या छोट्या गाडीच्या घरात येते. त्यामुळे ती घेणारा बहुतेक वेळा हौशी नोकरदार असतो, आणि तिच्याबरोबर येणारा खर्च त्याला शोरूमने कधी सांगितलेला नसतो.

मराठी घराण्यांत या यंत्राची हौस त्याहून जुनी आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे तयार झाली. लंडनच्या गर्नी नटिंगने तिची बॉडी बांधली, रंग नारिंगी आणि काळा. तिच्या ६.९ लिटरच्या इंजिनाची ताकद सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती असल्याचा कंपनीचा दावा होता. पण होळकरांना ती घेऊन रोज कर्जत लोकलची वेळ गाठायची नव्हती.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. ही नुसती उपमा नाही. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला हवा ढकलणारा पंप भट्ट्यांना वारा घालू लागला आणि पुढे त्याच घाटाचा पंप मोटारीत आला. दोन लांबट रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा कोंबून इंजिनात ढकलतात. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. टर्बो हे काम एक्झॉस्टच्या धुरावर करतो, सुपरचार्जर ते इंजिनच्या पट्ट्यावर करतो. पाय दाबताक्षणी पिकअप मिळतो तो यामुळेच. बदल्यात तो भाता फिरवायला इंजिनाचीच थोडी ताकद जाते.

आता खरा मुद्दा. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा इंजिनात गेली की पेट्रोल वेळेआधी पेटून नॉकिंग होतं. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. सी २०० मध्ये तो समोरच्या वाऱ्यावर चालतो. जॅग्वार आणि ऑडीत त्याला वेगळ्या पाण्याचा फेरा आणि छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो पंप मेला की डॅशबोर्डवर लगेच दिवा लागेलच असं नाही, गाडी फक्त मंद होते. आत येणारी हवा फार तापली की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ठिणगीची वेळ मागे घेतो. मालकाला वाटतं पेट्रोल खराब भरलं. अशा गाडीची निगा म्हणजे मुख्यतः उष्णतेची निगा. वेगाने गाडी सहसा मोडत नाही, तापून मोडते.

माथेरानची उंची आठशे मीटर, नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. दस्तुरीला पोहोचेपर्यंत हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. इथे एक गैरसमज हमखास ऐकू येतो: सुपरचार्जर असला की उंचीचा फरक पडत नाही. पडतो. पट्ट्यावर फिरणारा रोटर दर फेऱ्याला तेवढंच आकारमान ढकलतो. हवा विरळ असेल तर तेवढ्याच टक्क्यांनी कमी हवा जाते, साध्या इंजिनासारखीच. ही तूट भरून काढणं टर्बोला जमतं, कारण तो लागेल तसा जास्त वेगाने फिरू शकतो. माथेरानला हा फरक पायाला जाणवणारही नाही, पण दस्तुरीला गाडी मंद वाटली की ‘उंचीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. एवढ्याशा उंचीने गाडी एवढी बसत नाही. कुठेतरी होज फाटलेला असतो.

होज. या गाड्यांचं निम्मं दुखणं तिथेच आहे. दाबाखालची हवा वाहून नेणारे रबराचे पाइप आणि इंजिनचा वाफारा खेचणाऱ्या बारीक नळ्या बारा-पंधरा वर्षांनी कडक होऊन तडकतात. वरून धड दिसतात, वाकवून पाहिलं की खालच्या बाजूला चीर सापडते. आयडलिंगला इंजिन थोडं हलतं, चढावर सुस्कारा ऐकू येतो, स्कॅनर ‘मिश्रण पातळ’ असा कोड दाखवतो. मग सेन्सर बदलले जातात, एकामागून एक, आणि दीडशे ग्रॅम रबराचा तुकडा तसाच राहतो. जॅग्वारच्या व्ही-८ मध्ये हेच दुखणं पाण्याच्या बाजूला येतं. सुपरचार्जरच्या खाली, इंजिनच्या खोबणीत प्लास्टिकचे कूलंट पाइप आहेत. ते गळायला लागले की आधी सुपरचार्जर उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा ऐकून मालक बसतो. म्हणून शहाणा मिस्त्री सुपरचार्जर कुठल्याही कारणाने उतरवला की ते पाइप त्याच वेळी बदलून टाकतो.

पट्टा पाहायचा तो वेगळ्या नजरेने. जुन्या रबराचे पट्टे भेगाळायचे, भेगा दिसल्या की बदलायचे. आताचे पट्टे भेगाळत नाहीत, झिजतात. टॉर्च मारून पट्ट्याच्या उभ्या खाचा पाहाव्यात. खाच रुंद आणि पसरट झाली असेल तर पट्टा दिसायला नवा असला तरी पुलीवर घसरतो. सुपरचार्जर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप सगळं त्याच पट्ट्यावर असेल तर पट्टा तुटणं म्हणजे गाडी जागेवर थांबणं, आणि ते पाचव्या वळणावर झालं तर मागच्या सगळ्यांचं थांबणं. टेन्शनर आणि फिरत्या पुल्या त्याच वेळी बदलाव्यात. पट्टा तेवढा बदलून बाकीचं ‘चालेल’ म्हणणारं गॅरेज स्वस्त पडत नाही.

सुपरचार्जरला स्वतःचं थोडंसं तेल असतं, इंजिन ऑइलपासून वेगळं. कंपनीच्या पुस्तकात ते जन्मभर चालतं असं असतं. कंपनीचा जन्मभर आणि तुमचा जन्मभर यांत फरक आहे. दहा वर्षांनंतर ते काढून त्याच प्रतीचं सिंथेटिक तेल मोजून भरणं हे छोटं काम आहे, पण ते करणारा मिस्त्री शोधावा लागतो. इंजिन ऑइल मात्र पुस्तकातल्या किलोमीटरपर्यंत ताणू नये. नेरळच्या घरातून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर, परत दोन किलोमीटर अशा धावेत पाण्याचा काटा वर येतो, तेल मात्र तापत नाही. पावसाळ्यात तर आतली ओल उडून जायला वेळच मिळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर आधी हे कारण तपासावं, लगेच हेड गॅस्केटचा धसका घेऊ नये.

यावर उपाय म्हणून गाडी आच्छादनाखाली ठेवून रविवारीच काढणं मला पटत नाही. उभ्या गाडीत रबर कडक होतं, बॅटरी बसते आणि पावसाळ्यात ऊब शोधत आलेले उंदीर वायरी कुरतडतात. हलक्या चालीत सुपरचार्जरचा बायपास उघडा असतो, हवा नुसती गोल फिरते, भाता जवळजवळ फुकट फिरतो. म्हणजे रोजच्या शांत वापराचा त्याला त्रास नाही. त्रास आहे तो थंड इंजिनावर पाय दाबण्याचा, आणि लहान पुली लावून दाब वाढवण्याचा. ती लहान पुली हा हल्लीचा हौसेचा प्रकार. त्याबरोबर इंटरकूलर, पेट्रोल आणि ट्यूनिंग यांचा विचार केला नाही तर घाटातल्या मेच्या दुपारी तो उघडा पडतो. पेट्रोल पुस्तकात लिहिलेल्या ऑक्टेनचंच भरावं. एक्सपी-९५, स्पीड-९७ सारखी नावं त्यासाठीच आहेत. गाडीला लागतं त्याहून वरचं भरून मात्र काही मिळत नाही. वीस टक्के इथेनॉलचा विचार या जुन्या गाड्या बनवताना झालेला नव्हता, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला हाताने चाचपाव्यात.

माथेरानची तांबडी धूळ एअर फिल्टरला फार लवकर भरते, आणि इथे हवा ओढणारी यंत्रणा जोरकस आहे. उन्हाळ्यात दस्तुरीला वारंवार जाणाऱ्याने फिल्टर लवकर बदलावा. तेलाचा हात दिलेले उघडे शंकूसारखे फिल्टर बोनेटखालची गरम हवाच ओढतात. ते आवाज चांगला देतात, बाकी काही देत नाहीत.

उतरताना प्रश्न ब्रेकचा. साध्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल पिऊन जुनं झालं की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत आलेला चालतो. रायगडच्या पावसात ओल भरपूर, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावंच. जुन्या सी-क्लासमध्ये लिव्हर डी वर असताना डावीकडे टिचकी मारली की गिअर खाली येतो. दुसऱ्यात ठेवून उतरावं आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, घाटाचा नियम तोच आहे. नेरळच्या टॅक्सीवाल्यांच्या साध्या व्हॅन दिवसभर वर-खाली करतात त्या याच शिस्तीवर. त्यांच्या मागे लागून हॉर्न वाजवणाऱ्याला १८४ अश्वशक्तीचा तिथे काहीएक उपयोग नसतो. वर पोहोचल्यावर चावी लगेच बंद न करता मिनिटभर इंजिन चालू ठेवावं. टर्बोला त्याची गरज जास्त, पण चढून तापलेल्या इंजिनातही तेवढंच पाणी फिरून जातं. गाडी झाडाखाली लावताना माकडं वायपरशी खेळतात हे लक्षात ठेवावं.

जुनी कॉम्प्रेसर विकत घेणाऱ्याने चाचणी म्हणून हाच घाट मागावा. वर पोहोचल्यावर बोनेट उघडून कूलंटचा गोडसर वास येतो का पाहावा, पट्ट्याची खाच पाहावी, आयडलिंगला सुपरचार्जरच्या पुढच्या टोकातून खडखड येते का ऐकावी. पण या इंजिनाची सगळ्यात महागडी खोड, ताणलेली टायमिंग चेन आणि तिच्या चाकांचे झिजलेले दाते, गरम इंजिनात लपते. ती ऐकू येते सकाळच्या पहिल्या स्टार्टला, पहिल्या दोन-तीन सेकंदांत. म्हणून सकाळी न सांगता जावं आणि चावी फिरवण्याआधी बोनेटला हात लावून पाहावा. ते कोमट लागलं, तर सौदा पुढच्या सकाळवर टाकावा.