‘आर 10’ म्हणजे दहा ओहम नव्हे

सर्किट बोर्डावर ‘आर 10’ छापलंय म्हणजे तो दहा ओहमचा रेझिस्टर, हा समज दुरुस्ती शिकणाऱ्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि तो साफ चूक आहे. ‘आर’ हे अक्षर सुट्या भागाचा प्रकार सांगतं आणि 10 हा त्याचा हजेरी क्रमांक. हजेरी क्रमांकावरून कुणाची उंची ठरत नाही, तशी इथे किंमतही ठरत नाही. कीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत रेझिस्टर ठेवला की आधी नुसतं ‘आर?’ दिसायचं, क्रमांक नंतर, बहुधा आकृतीतल्या जागेनुसार, मिळायचा. किंमत लिहायचा रकाना वेगळाच असतो. एकाच बोर्डावर आर 3 आणि आर 41 दोन्ही दहा किलोओहमचे असू शकतात. कुणी म्हणेल, ‘4के7’मध्ये तर किंमतच असते. असते, पण ती खुणेची निराळी रीत आहे. तिथे अक्षर दशांश चिन्हाच्या जागी येतं, म्हणून 4के7 म्हणजे 4.7 किलोओहम. खरा घोळ इथूनच होतो. भागाच्या अंगावरचं ‘आर47’ म्हणजे 0.47 ओहम, तर शेजारी बोर्डावर छापलेलं ‘आर47’ हे निव्वळ नाव. अक्षरं कुठे छापली आहेत, हे आधी पाहायलाच हवं. नाहीतर 3.3 व्होल्टला जोडलेल्या सिग्नलच्या ओळीवर दहा किलोओहमच्या जागी दहा ओहम बसतो, सिग्नल शून्यावर येताच 0.33 ऐवजी 330 मिलिअँपिअर वाहतात, आणि जेमतेम 0.1 वॅट सोसणाऱ्या इवल्या भागावर एक वॅटहून जास्त भार पडतो. ‘आर 201’सारख्या आकड्याला अर्थ नसतो का? कधी कधी असतो: आकृतीच्या दुसऱ्या पानावरचा पहिला रेझिस्टर. म्हणजे तोही पत्ताच, किंमत नव्हे.

‘आर’सारखी ही अक्षरं सॉफ्टवेअरवाल्यांनी मनाने ठरवली, हेही खरं नाही. आयईईई 315 हे अमेरिकी मानक 1975 चं आहे, एएसएमई वाय14.44 हे 2008 चं. त्यांत आयसीला ‘यू’ मिळतो तो सुटा न करता येणारा जोड म्हणून. मात्र ही अक्षरं सगळीकडे एकच अर्थ देत नाहीत. शिवारातल्या पंपाच्या पॅनेलची आकृती आयईसी 81346 प्रमाणे काढली असेल, तर तिच्यातला ‘क्यू’ कॉन्टॅक्टर किंवा ब्रेकर असतो. छोट्या बोर्डावरचा ‘क्यू’ बहुतेकदा ट्रान्झिस्टर. तसंच ‘0603’ हे भागाचं नाव नसून त्याचं माप आहे, तेही इंची पद्धतीत 1.6 बाय 0.8 मिलिमीटर आणि मेट्रिक पद्धतीत 0.6 बाय 0.3. आणि आर 13 नंतर थेट आर 15 दिसला म्हणजे भाग हरवला, असं नाही: आराखडा सुधारताना तो वगळला असेल, पण जुन्या याद्या आणि जोडणीचे कागद जुळत राहावेत म्हणून बाकीचे क्रमांक मुद्दाम तसेच ठेवतात.