पन्ह्याचा पेला आणि सनईचा सूर

चैत्रात जालन्याचे ऊन कडक असते. घरोघर चैत्रागौर बसलेली असते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हाती पन्हे आणि आंब्याची डाळ पडते, आणि मग कुणीतरी म्हणते, "आता एखादे गाणे होऊ द्या." पेय आणि गाणे यांची ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे काही विचार असेल असे आपल्या मनातही येत नाही. आम्हांला मात्र तिच्यात चांगलाच विचार दिसतो.

पहिला विचार ऋतूचा आणि वेळेचा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर असते, तेव्हा कैरीही असते. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर उन्हाचा शीण उतरतो. गाणेही तसेच हलके, सर्वांना येणारे. कोजागरीची गोष्ट निराळी. आश्विनी पौर्णिमेला मध्यरात्रीपर्यंत जागायचे असते. दूध मंद आचेवर आटते, त्यात केशर, चारोळी, जायफळ पडते, आणि तोवर भजन रंगत जाते. दुधाला घाई चालत नाही, तशी बैठकीलाही चालत नाही. चंद्र माथ्यावर आला की पेला हाती येतो. पेय हेच त्या बैठकीचे घड्याळ!

ही जाण आपल्यापुरतीच नाही. मेक्सिको देशात हालिस्को नावाचा प्रांत आहे. तेकिला हे मद्य ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते ते गाव तेथलेच, आणि व्हायोलिन, गिटार व तुताऱ्यांचा मारियाची ताफाही त्याच प्रदेशाचा. युनेस्कोने तेथील घायपातीच्या मळ्यांचा २००६ साली जागतिक वारशात आणि मारियाचीचा २०११ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. पण तेथे सगळे मद्यच असते असे नव्हे. नाताळापूर्वी नऊ रात्री लोक गात गात दारोदार जातात, आणि थंडीत त्यांना पेरू व ऊस घालून उकळलेले गरम पेय मिळते. लाल अंबाडीच्या बोंडांचे आणि चिंचेचे सरबत तर तेथे घरोघरचे. अंबाडीची भाजी आणि चिंचेचे सार खाणाऱ्या मराठवाड्याला ते परके वाटू नये.

दुसरा विचार ताजेपणाचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, म्हणून तो समोर काढून लगेच द्यावा लागतो. वाजविणाऱ्याचे संगीतही तसेच. समोरची माणसे पाहून तो लय वाढवितो, थांबतो, पुन्हा उचलतो. ठेवणीतल्या ध्वनिमुद्रिकेला हे कसे साधावे?

आता जे मनाला लागले ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. मांडवात थंड बाटल्यांचे खोके होते आणि कानठळ्या बसविणारे कर्णे होते. सनई आणि हलगीवाले रीतीपुरते बोलाविलेले, उन्हात उभे. सनईची पत्ती ओली राहावी लागते, वाजविणाऱ्याचा घसाही. पण दोन तासांत त्यांना पाण्याचे कुणी विचारले नाही. विचारले ते पंगती उठल्यावर.

वाजंत्री बहुधा कोणत्या जातींतून येतात हे आपण सारे जाणतो. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे लागले, हेही जाणतो. मग मांडवातला पहिला पेला कुणाचा, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

आमची सूचना साधी आहे. यंदा घरी कार्य असेल तर कर्ण्यांऐवजी वाजंत्र्यांना सावलीत बैठक द्या. आल्याबरोबर त्यांना माठातले पाणी द्या, आणि वाजवून झाले की पाहुण्यांच्या पंक्तीत बसवून त्याच पेल्यात पन्हे द्या. आंबटाने गळा धरतो असे गवई मानतात, म्हणून पन्हे नंतर. मान मात्र आधी. मग सनईचा सूर कसा लागतो, ते आपणच ऐका.