विश्लेषण : हेडलाइटचा ‘लुक’ घरच्या घरी बदलताय? काय चालते, कुठे थांबायचे?

सात-आठ वर्षे जुन्या मोटारीचे वय सर्वांत आधी दिसते ते हेडलाइटवर. रंग पॉलिशने चकाकतो, सीट कव्हर नवे घालता येते, पण पिवळट पडलेले हेडलाइट लपत नाहीत. मग आतले क्रोम काळे करणे, वरून धुरकट फिल्म चिकटवणे, डीआरएलची पट्टी लावणे किंवा सरळ पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवणे असे उद्योग सुरू होतात. सामान ऑनलाइन मिळते आणि व्हिडीओत सगळे वीस मिनिटांत होते. यातले काही खरोखर घरी करण्यासारखे आहे. काही गोष्टींमुळे मात्र गाडी छान दिसते आणि रस्ता दिसेनासा होतो. बहुतेक वेळा समोरच्याला.

हेडलाइट पिवळे का पडतात?

आपण जिला काच म्हणतो, ती काच नसतेच. आजच्या बहुतेक गाड्यांत तिथे पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. ते हलके असते, खडा लागला तरी सहसा फुटत नाही. पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर दिलेला असतो. हा थर झिजला की खालचे प्लास्टिक पिवळे आणि धुरकट होऊ लागते. वर्षभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर होते.

टूथपेस्टचा उपाय काम करतो का?

करतो, पण थोडेच दिवस. टूथपेस्ट खरखरीत असल्याने वरचा मळकट थर घासून निघतो. गेलेला संरक्षक थर मात्र परत येत नाही. काही महिन्यांत पुन्हा तेच.

नीट करायचे असेल तर एक सुट्टीची सकाळ द्यावी लागते. आधी लॅम्प धुऊन घ्या आणि बंपर, बॉनेट, मडगार्डच्या कडांना मास्किंग टेप लावा. मग पाणी मारत मारत वॉटर पेपरने घासा : आधी ८०० किंवा १००० नंबर, नंतर १५००, २००० आणि शेवटी ३०००. पहिल्या पेपरनंतर लॅम्प आधीपेक्षाही वाईट, दुधासारखा पांढरट दिसतो. इथे अनेकांचा धीर सुटतो. पण तसेच दिसायला हवे. पिवळे पाणी निघायचे थांबेपर्यंत पुढच्या नंबरवर जाऊ नका. त्यानंतर रबिंग कंपाउंडने पॉलिश करा आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारा. तो मारताना जागा उघडी असावी, तोंडावर मास्क असावा. हा शेवटचा थर टाळला तर सगळी मेहनत वाया जाते. धूसरपणा किंवा तडे आतल्या बाजूने असतील, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही.

दिसण्यात सर्वांत मोठा फरक पाडणारे आणि सर्वांत कमी धोक्याचे काम हेच आहे. उजेडही वाढतो.

आतले क्रोम काळे करणे कितपत सोपे?

‘ब्लॅक हाउसिंग’साठी लॅम्प उघडावा लागतो. अनेक लॅम्पमध्ये पुढचे प्लास्टिक ब्युटिल नावाच्या चिकट, रबरासारख्या सीलंटने जोडलेले असते. ते गरम केले की मऊ होते. म्हणून कोणी लॅम्प साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवतात, कोणी कडेने हीट गन फिरवतात. पण काही लॅम्प कायमस्वरूपी सीलंटने बंद केलेले असतात. ते गरम करून सुटत नाहीत, तुटतात. आपला लॅम्प कोणत्या प्रकारचा हे आधी खात्रीने कळले नसेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये हे उत्तम. पूर्ण एलईडी हेडलाइट असेल तर या वाटेला जाऊच नका. त्यातले सर्किट सुटे मिळत नाही, अख्खा लॅम्पच बदलावा लागतो.

उघडलाच, तर रंग फक्त सजावटीच्या पट्टीला, म्हणजे बेझेलला द्यायचा. बल्बमागच्या रिफ्लेक्टरला बोटही लावू नये. त्यावरचा चांदीसारखा मुलामा साध्या फडक्यानेही निघतो. रंग उष्णता सहन करणारा हवा आणि पूर्ण वाळलेला हवा. अर्धवट वाळलेल्या रंगातून दिवा तापल्यावर वाफ निघते आणि ती काचेच्या आतून धुक्यासारखी बसते. सील नीट बसले नाही तर पहिल्याच पावसात पाणी आत. लॅम्पमध्ये हलके बाष्प येऊन दिवे लावल्यावर निघून जाणे स्वाभाविक असते. तळाशी पाणी साचणे नव्हे. आणि मागची हवेची छिद्रे गळतीच्या भीतीने सिलिकॉनने बुजवू नका, बाष्प बाहेर पडते ते तिथूनच.

धुरकट फिल्मबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती उजेड अडवते. दिवसा फोटो छान येतो, रात्री रस्ता दिसत नाही.

एलईडी बल्ब टाकला तर काय बिघडते?

खरी अडचण इथे आहे. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच४ हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. त्यात दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती उजेडाला रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडू देते, आणि तिथून परतलेला प्रकाश खाली रस्त्यावर जातो. फिलामेंट नेमके कुठे आहे, यावर रिफ्लेक्टरचा सगळा आकार बेतलेला असतो. जागा एखाद्या मिलिमीटरने हलली तरी प्रकाश भलतीकडे जातो.

एलईडी बल्बमध्ये फिलामेंटऐवजी दोन बाजूंना चिप असतात. आकार वेगळा, जागाही थोडी वेगळी. त्यामुळे डिपरवरसुद्धा उजेड वर उसळतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. रात्री आंबोली घाट चढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. समोरचा डिपर मारतो, आपणही मारतो, आणि दोघांचेही दिवे आधीपासून डिपरवरच असतात.

गंमत म्हणजे गाडीत बसलेल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो. बॉनेटसमोरचा रस्ता लख्ख होतो. पण जवळचे फार उजळले की बाहुल्या आकसतात आणि दूरचा खड्डा किंवा रस्त्यावर बसलेले जनावर उशिरा दिसते. प्रोजेक्टर लॅम्पमध्ये वरची रेघ टिकून राहते, म्हणून त्रास कमी. तरी प्रकाशाचा मुख्य झोत सरकतोच.

त्यात भर निळसर रंगाची. हॅलोजनचा उजेड सुमारे ३२०० केल्विनचा, तर बाजारात ‘६००० के’ला मागणी. ओल्या डांबरावर हा पांढरा-निळा उजेड सपाट वाटतो आणि वयस्कर डोळ्यांना जास्त खुपतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो, हाही अर्धवट समज आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. पिवळा फक्त डोळ्यांना कमी टोचतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळ्या हेडलाइटचीच सक्ती होती. फॉग लॅम्प पिवळे असायला आपल्याकडेही हरकत नाही. ते खाली बसवलेले असतात, म्हणून धुक्यात उपयोगी पडतात.

१००/९० वॉटचे हॅलोजन हा जुना मार्ग. ६० वॉटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॉटला ८ पेक्षा जास्त. मूळ वायरिंगमधला होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो. रिले लावून वायर वाचेल, रिफ्लेक्टर नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळे होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. डिपरने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, हा केंद्रीय नियम तर फार जुना. घासून लख्ख केलेला मूळ लॅम्प यात कुठेच अडकत नाही. वायर कापून बसवलेला दिवा मात्र वॉरंटीच्या आणि अपघातानंतर विम्याच्या वेळीही आडवा येऊ शकतो.

काम झाल्यावर तपासायचे कसे?

सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, चालक जागेवर, लेव्हलचे बटण शून्यावर. लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाचा वरचा काठ या रेघेपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवा. नसेल तर लॅम्पमागचे स्क्रू फिरवून तो आणता येतो. काठ स्पष्ट दिसतच नसेल, उजेड रेघेच्या वर सांडत असेल, तर बल्ब काढून जुना हॅलोजन लावा. स्क्रूने ते सुटणार नाही. आणि काठाचा चढ डावीकडे, फुटपाथच्या बाजूला असायला हवा. तो उजवीकडे चढत असेल, तर ते लॅम्प उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनलेले आहेत. ते परत पाठवा.