विश्लेषण : यंत्राला मन असते का? तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न उत्तरपत्रिकेपर्यंत कसा पोहोचला?

‘यंत्रे विचार करू शकतात का?’ हा प्रश्न ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडला. तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत तो अनेक दशके शिकवला जात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या प्रश्नावरचा निबंध यंत्रच लिहून देऊ लागले. समोरचा कागद विचार करणाऱ्या माणसाचा की यंत्राचा, हे ओळखण्याची वेळ आता खुद्द शिक्षकावर आली आहे. मन, यंत्र आणि तंत्रज्ञान या विषयाच्या पहिल्यावहिल्या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात आणि त्याची परीक्षा घेणे एवढे अवघड का झाले, याविषयी…

हा अभ्यासक्रम कसा असतो?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा (एमआयटी) ‘माइंड्स अँड मशीन्स’ हे याचे परिचित उदाहरण. संस्थेत तो २४.०९ या क्रमांकाने ओळखला जातो आणि त्याचे साहित्य ओपनकोर्सवेअरवर मोफत आहे. संगणक विचार करू शकतो का, मन म्हणजेच मेंदू का, तुम्हाला दिसणारा लाल रंग आणि मला दिसणारा लाल रंग एकच आहे हे कसे कळणार, जाणिवेचे वैज्ञानिक स्पष्टीकरण देता येईल का, असे त्यातले प्रश्न. तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागत नाही. भारतातही आयआयटी मुंबईसारख्या संस्थांतील मानव्यविद्या विभागांत तत्त्वज्ञान शिकवले जाते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विज्ञान वा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असा विषय घेणे अधिक सोपे झाले आहे.

कोड लिहिणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सुचणारे उत्तर असते, ‘मेंदू म्हणजे हार्डवेअर आणि मन म्हणजे सॉफ्टवेअर’. हे उत्तर तितकेसे बाळबोध नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६० च्या दशकात जवळपास हाच सिद्धान्त मांडला होता. मात्र १९८८ च्या ‘रिप्रेझेंटेशन अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच तो मोडीत काढला. जे उत्तर आपल्याला उघड वाटते ते त्याच्या जनकानेच का सोडले, इथून वर्ग सुरू होतो.

ट्युरिंग यांचा खेळ काय होता?

‘विचार करणे’ म्हणजे काय याची व्याख्या करत बसण्यापेक्षा एक खेळ खेळू, असे ट्युरिंग यांनी ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात सुचवले. परीक्षक एका खोलीत. पलीकडे एक माणूस आणि एक यंत्र. बोलणे फक्त टंकलिखित. यंत्र कोणते हे परीक्षकाला ओळखता आले नाही, तर ‘ते विचार करत नाही’ म्हणण्याला आधार काय? साधारण ५० वर्षांत पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाची ओळख अचूक ठरण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक नसेल, असे भाकीतही त्यांनी केले.

भाकिताची मुदत हुकली, पण फार नाही. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात परीक्षक एकाच वेळी माणसाशी आणि यंत्राशी पाच मिनिटे बोलत. ‘जीपीटी-४.५’ला एका अबोल तरुणाची भूमिका वठवायला सांगितली, तेव्हा ७३ टक्के वेळा परीक्षकांनी त्यालाच माणूस ठरवले. म्हणजे खऱ्या माणसापेक्षाही ते अधिक ‘माणूस’ वाटले. त्याच प्रयोगात ‘एलायझा’ या १९६० च्या दशकातील प्रोग्रॅमला २३ टक्के मिळाले आणि अशी भूमिका न दिलेल्या ‘जीपीटी-४ओ’ला २१! साठ वर्षे जुना, वापरकर्त्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम नव्या मॉडेलच्या बरोबरीला येतो, तर ही परीक्षा यंत्राची होती की परीक्षकाची, अशी शंका येणारच.

‘चिनी खोली’ आणि संस्कृतचे गुण

जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये या खेळाला दिलेले उत्तर आजही प्रत्येक वर्गात शिकवले जाते. एका खोलीत चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस बसला आहे. दाराच्या फटीतून चिनी अक्षरांची चिठ्ठी आत येते. त्याच्याकडे जाडजूड नियमवही आहे : अमुक आकार आले तर तमुक आकार काढून बाहेर द्या. बाहेरच्यांना वाटते आत कोणी चिनी जाणकार आहे. आतल्याला मात्र एका शब्दाचाही अर्थ कळलेला नाही. संगणक याहून वेगळे काय करतो?

महाराष्ट्रातील वर्गात यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. दहावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून संस्कृत घेतलेले, शब्दरूपे आणि भाषांतरे घोकून घसघशीत गुण मिळवलेले आणि वर्षभरात सारे विसरलेले विद्यार्थी बाकाबाकावर असतात. यातली गंमत पुढे आहे. सर्ल यांच्यावर मुख्य आक्षेप असा, की माणूस हा खोलीचा केवळ एक भाग आहे. वही, चिठ्ठ्या आणि माणूस मिळून पूर्ण खोलीला चिनी कळते. त्यावर सर्ल म्हणतात, मग माणसाने वही पाठ करावी आणि खोलीबाहेर पडावे. आता सगळे त्याच्या डोक्यात आहे, तरी चिनी त्याला कळत नाहीच. वही पाठ केलेला हा माणूस म्हणजे आपला संस्कृतवाला विद्यार्थी. मात्र तसे म्हणताच वर्गातून हात वर होतो, की घोकता घोकता थोडे कळलेही होते. किती घोकल्यावर कळायला लागते? सर्ल यांच्या मते कितीही घोकले तरी नाही. पण ज्यांनी रोहित शर्मा आऊट झाला की ‘पतितः’ म्हणून पाहिले आहे, त्यांना ते पटत नाही.

‘माइंड’ला मराठीत काय म्हणायचे?

हा प्रश्न भाषांतराचा वाटतो, पण अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे. इंग्रजीत एका शब्दात बसवलेले आपल्याकडे मन, बुद्धी, चित्त, जाणीव असे वाटले गेले आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द मराठीत सहज रुळला. ‘कृत्रिम मन’ म्हटले तर ऐकणारा थबकेल. मन लागत नाही, मनाला लागले, मन मोडले यांतले काहीच यंत्राला लागू होताना दिसत नाही.

सांख्य दर्शनात तर बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची रूपे आहेत. चैतन्य फक्त पुरुषाचे. या मांडणीत ‘बुद्धी आहे, पण जाणीव नाही’ असे यंत्र मुळीच विसंगत ठरत नाही. चार्वाकांचे म्हणणे याच्या उलट. विड्याचे पान, सुपारी आणि चुना यांपैकी कशातच नसलेला लाल रंग ते एकत्र आल्यावर उमटतो, तसे चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असा दृष्टान्त त्यांच्या मताच्या जुन्या वर्णनांत आढळतो. मग सिलिकॉनचा विडा का रंगू नये?

सातव्या शतकातील बौद्ध तत्त्ववेत्ते धर्मकीर्ती यांचा ‘सन्तानान्तरसिद्धि’ हा छोटा ग्रंथ तर थेट ट्युरिंग यांच्या शेजारी ठेवावा असा आहे. मूळ संस्कृत हरवले, तिबेटी भाषांतर उरले. प्रश्न असा, की दुसऱ्याला मन आहे हे कशावरून? धर्मकीर्तींचे उत्तर अनुमानाचे आहे : माझ्या बोलण्या-वागण्याआधी माझा हेतू असतो, तसेच बोलणे-वागणे माझ्या हेतूशिवाय समोर दिसले, तर त्यामागे दुसरे मन असणार. ट्युरिंग यांनीही जाणिवेच्या आक्षेपाला याच वाटेने उत्तर दिले, की इतर माणसे विचार करतात हेही आपण वागण्यावरूनच धरून चालतो. आता बोलणे समोर आहे आणि त्यामागे हेतू आहे की नाही याचीच खात्री नाही. तेराशे वर्षे चाललेल्या अनुमानाला पहिल्यांदाच असा अडथळा आला आहे, आणि मराठी वर्गात हा ग्रंथ परिशिष्टात ढकलणे ही चूक ठरेल.

मग परीक्षा कशी घ्यायची?

घरून लिहून आणायचा निबंध हे या विषयाचे पारंपरिक मूल्यमापन. तो आता भरवशाचा राहिला नाही. यंत्राचे लिखाण यंत्राकडूनच ओळखून घ्यावे, हा अभियंत्याला प्रथम सुचणारा उपाय. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे साधन आणले आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. हे सगळे माणसांनी लिहिलेले होते, तरी सरासरी ६१ टक्के वेळा ते यंत्राचे ठरले. कारण साधे : मोजकी शब्दसंपदा, सरळ वाक्ये आणि अपेक्षित पुढचा शब्द या गोष्टी त्या साधनांना यंत्राच्या खुणा वाटतात. नव्या भाषेत जपून लिहिणारा माणूसही नेमके तसेच लिहितो.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पदवीला इंग्रजीत पहिला निबंध लिहिणाऱ्या मुलीसाठी हा वर्गातला वैचारिक खेळ नाही. तिने रात्र जागून लिहिलेल्या कागदावर ‘यंत्रनिर्मित’ असा शेरा पडू शकतो आणि स्वतःला मन आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. असा टक्का पाहून गुण कापणे अन्यायाचे आहे, आणि ते थांबवायला संशोधनाची आणखी वाट पाहण्याची गरज नाही.

उरतात दोन जुने मार्ग : वर्गात बसून हाताने लिहिणे आणि तोंडी परीक्षा. लिहिलेला शब्द प्रश्न विचारला तरी पुन्हा तेच सांगत राहतो, ही तक्रार प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आहे. लेखन हेच तेव्हाचे संशयास्पद तंत्रज्ञान होते. तोंडी परीक्षेत मात्र ‘तुझ्या दुसऱ्या परिच्छेदातले उदाहरण सर्ल यांच्या विरोधात जाते, ते कसे?’ असे विचारता येते, आणि ते मराठीतही विचारता येते.

अडचण वेळेची आहे. १२० विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली तरी २० तास होतात. राज्यातील महाविद्यालयांत बरेच अध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात आणि त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. हे २० तास कोणत्या रकान्यात लिहायचे, हे आधी ठरवावे लागेल.