सातांपैकी तीन

पावसाळा म्हणजे आषाढ-श्रावण, असे आपण बडोदेकर जन्मापासून धरून चालतो. परंतु विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेले की पंचांग तेच राहते आणि ऋतू मात्र उलटे होतात. आपल्याकडे होळीची लाकडे जमू लागतात, त्या सुमारास मॉरिशस बेटावर पावसाचा ऐन भर असतो. फेब्रुवारी आणि मार्च हे तेथले सर्वांत ओले महिने, आणि ऑक्टोबर सर्वांत कोरडा. तेव्हा ज्यांना तेथले धबधबे पाहायचे असतील त्यांनी माघ-फाल्गुनातच जावे. मात्र त्याच महिन्यांत वादळे येतात, वाटा निसरड्या होतात आणि ओढे अडवून धरतात. जे पाणी धबधब्याला रूप देते तेच आपली परतीची वाट नेते, हे मी तेथे शिकलो. कसे शिकलो ते सांगतो. त्यात माझी फारशी शोभा नाही.

तेथल्या मराठी मंडळींनी चार आठवडे ताल शिकविण्यासाठी मला बोलाविले होते. वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल की १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर या बेटावर नेले गेले आणि त्यांत मुंबई इलाख्यातली, विशेषतः कोकणातली, आपली माणसेही होती. पिढ्या उलटल्या. घरात आता क्रेओल बोलतात. पण मराठी शाळेत शिकवितात, गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते, आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. आपण बडोद्याची मराठी घराणी गायकवाडांबरोबर आलो ते सरदार, कारकून, शास्त्री, कलावंत म्हणून. ही माणसे आली ती कोयता आणि कुदळ घेऊन. तरी त्यांनी ढोलकी सोडली नाही.

या मंडळींतले एक सत्तरीतले निवृत्त शाळामास्तर माझ्या वर्गाला येऊन बसत. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तरुणपणी ते झाकरीत ढोलकी वाजवीत. एका रविवारी ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला पाण्याचा ताल ऐकवतो." आणि आम्ही निघालो: काका, मी आणि वर्गातली चार मुले.

तामारें नदीवर 'सेत कास्काद' म्हणून ठिकाण आहे. नावाचा अर्थ सात धबधबे. मोजणारे कमीअधिक मोजतात ते सोडा. नदी मधल्या पठारावरून पश्चिमेच्या दरीत पायरीपायरीने उतरते आणि हा उतार एकूण सुमारे तीनशे मीटरांचा भरतो. बेट लहान, सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटर. परंतु आग्नेयेचे वारे पठारावर चढताना तेथेच रिकामे होतात. त्यामुळे पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. ज्या नदीचा वर धबधबा होतो, तिच्याच मुखाशी तामारें गावात उन्हाच्या भरवशावर मिठागरे चालत. वर छत्री, खाली मीठ, आणि मधले अंतर दहा-बारा किलोमीटर!

वाट हेन्रिएटा गावापासून सुटते. पहिला पाऊण तास उसातून सपाट चालायचे. मग झाडी सुरू होते आणि लाल माती एकदम खाली घसरू लागते. पायऱ्या नाहीत; झाडांची मुळे धरून, प्रसंगी बसून उतरायचे. दोहों बाजूंस चिनी पेरूची दाट झुडपे. हा परका पेरू बेटावर इतका माजला आहे की मूळच्या झाडांना जागा उरली नाही. १९९४ मध्ये जवळच्या ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या राष्ट्रीय उद्यान म्हणून राखल्या, तेथेही त्याला उपटत राहावे लागते. दरीच्या पोकळीत लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी संथ घिरट्या घालीत होते.

पहिल्या कड्याशी पोचलो तेव्हा मी खडकावर हात ठेवला आणि थबकलो. काळा, भोकाभोकांचा, सह्याद्रीसारखाच दगड. काका हसले. मागाहून त्यांनी सांगितले आणि मी वाचूनही पाहिले: भूगर्भातल्या ज्या तप्त जागेने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार ओतले, तिनेच पुढे हे बेट घडविले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज तीच जागा शेजारच्या रेयुनियों बेटाखाली धगधगत आहे. म्हणजे आपला पावागड आणि हा कडा एकाच चुलीवरचे. कोकणातून आलेल्या मजुराला हे कोणी सांगितले नसेल. पण दगड ओळखीचा वाटला असेल.

दुसरा धबधबा झाला, तिसरा झाला. तिसऱ्याच्या कुंडाशी प्रवाह ओलांडून पलीकडच्या खडकावर बसले की धार समोरून दिसते. पाणी घोट्याएवढे होते. वर ऊन होते. आम्ही सारे पलीकडे गेलो, पोळ्या सोडल्या आणि ऐकत बसलो.

माझे वडील राजवाड्यात पखवाज वाजवीत. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीतले होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. पाण्याचा आवाज ऐकून पखवाजाची धुमार ओळखावी, असे ते सांगत. मी डोळे मिटून तेच करू पाहत होतो. वरची धार पातळ, तडतडती. खालच्या कुंडात तिचा खर्ज. काही वेळाने तो खर्ज भरू लागला. दोन धारांमधली फट बुजली, आवाजाला वजन आले. मी मुलांना म्हणालो, "ऐका, आता कोठे रंगू लागले!"

काका उभे राहिले. "देलो पे मोंते," ते मुलांना म्हणाले. पाणी चढते आहे. मग मला मराठीत, "गुरुजी, उठा. आता परत."

मला राग आला, हे कबूल करतो. चौथा धबधबा वळणापलीकडेच होता आणि आकाश निळे होते. एक मुलगा चित्रे घेण्यासाठी खडकाच्या टोकाला गेला होता. काकांनी त्याला हाक मारली, तेव्हा "असू द्या, दोन मिनिटांनी काय होते," असे म्हणणारा मीच. काकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते त्या मुलापर्यंत गेले, दंड धरून त्याला आणले आणि एकेकाला पाण्यात घातले. एवढ्यात पाणी चहासारखे झाले होते, आणि त्यावरून पाचोळा एकेक पान नव्हे तर झुबक्यांनी येत होता. घोट्याचे पाणी पोटरीला लागत होते. शेवटी मी उतरलो तेव्हा ते गुडघ्याला होते आणि पायाखालचे गोटे हलत होते.

अलीकडे येऊन पंचवीस-तीस पावले चढलो आणि वळून पाहिले. आम्ही ज्या खडकावर जेवलो तो दिसत नव्हता. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊन होते.

कोणी काही बोलले नाही. वर उसापाशी आल्यावर काकांनी पठाराकडे बोट केले; तिकडे आकाश शाईसारखे होते. २०१३ च्या ३० मार्चला पोर्ट लुई शहरात दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ११ माणसे गेली. तेव्हापासून आपण पायाखालचे नव्हे, वरचे आकाश पाहतो, असे ते म्हणाले. मी विचारले, "तुम्हाला आधी कळले कशाने? पाचोळ्याने?" ते म्हणाले, "नाही. आवाज भरला, त्याने."

म्हणजे आम्ही दोघांनी एकच गोष्ट ऐकली होती. मला ती रंगत वाटली आणि त्यांना इशारा. माझा कान कच्चा नव्हता; पण तो फक्त सुखासाठी तयार झालेला होता. आणि मी बडोद्याचा! पाऊस पावागडाकडे पडतो आणि विश्वामित्री आपल्या दारात येते, हे आपल्याकडचे लहान मूलही जाणते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाऊस ओसरल्यावरही शहरात पाणी उभे होते. माझ्या वर्गातल्या दोन जोड्या तबल्यांची पुडी त्यात कुजली. एवढे घरी शिकलेला मनुष्य परक्या नदीकाठी ते विसरला, कारण नदी सुंदर वाजत होती.

कोणास जायचे झाल्यास एवढे ध्यानात ठेवावे. तेथल्या माहीतगारावाचून उतरू नये. सकाळी लवकर निघावे. आदल्या रात्री पठारावर जोराचा पाऊस झाला असेल किंवा वादळाची सूचना लागली असेल तर जाऊ नये. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या ज्येष्ठ-आषाढात, धारा बारीक असतात; नदीचे पाणी वर बंधाऱ्यात अडविलेले असते आणि वाट बरीच सुकलेली. मुले बरोबर असतील तर तो काळ बरा. धबधबा थोडा कमी दिसेल.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. त्यांनी माळ्यावरची जुनी ढोलकी काढली. पान दमट झाले होते. त्यांनी ते चुलीच्या उबेला धरले, वाद्या ओढल्या, एक थाप मारून कान लावला आणि पुन्हा ओढल्या. मग झाकरी सुरू झाली. तो मुलगाही आला होता. फेर धरणाऱ्यांत त्याला पाहिले आणि मला ठेका धरता येईना. काकांनी मानेने खूण केली, "बसा, आज मी वाजवतो."

उरलेले चार धबधबे मी पाहिलेले नाहीत.