केळ्याच्या सालीत पालाश किती?

केळ्याच्या साली डब्यात भिजत घाला, तीन दिवसांनी ते पाणी गुलाबाला, मोगऱ्याला, तुळशीला द्या, मग दुसऱ्या कुठल्याही खताची गरज उरत नाही, असा सल्ला मोबाइलवरून फिरत फिरत जळगाव-धुळ्याच्या गच्च्यांवरही येऊन टेकला आहे. केळ फक्त फळवाल्याच्या गाडीवर पाहणाऱ्या शहरात तो खपला तर नवल नाही. पण जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि रावेर-यावलचा शेतकरी मृगबागेच्या, कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या दोन्ही हंगामांतल्या लागवडीच्या, खताचा हिशोब झाडागणिक मांडतो. त्या मुलखातही घरोघरी हा डबा भरून ठेवलेला असावा, याचा वैताग येतो. सल्ल्यासोबत हटकून एक आकडाही येतो, सालीत 42 टक्के पालाश आणि 25 टक्के स्फुरद. एवढं पालाश सालीत खरोखर असतं, तर ठिबकमधून पांढरा पोटॅश सोडायची वेळ कुणावर आली नसती.

आकडा अगदीच हवेतला नाही, म्हणून तो जास्त फसवतो. जुन्या खत-तक्त्यांत केळ्याच्या सालीच्या राखेत पालाश सुमारे 42 टक्के आणि स्फुरद सव्वातीन टक्के दाखवलेलं आहे. राखेत, सालीत नाही. साल जाळली की पाणी उडतं, कर्ब आणि नत्र वायू होऊन जातात आणि मागे खनिजं तेवढी उरतात; त्यांत पालाशाचा वाटा मोठा असणारच. नक्कल करणाऱ्यांच्या हातून ‘राख’ हा शब्द गळाला, आणि 3.25 मधला पहिला आकडाही वाटेत कुठेतरी पडला असावा, म्हणून 25 उरले. आता ओल्या सालीचा हिशोब करा. मध्यम केळ्याची साल साधारण 40 ग्रॅमची. तिच्यात 85 ते 90 टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग जेमतेम पाच ग्रॅम. या कोरड्या भागात पोटॅशियम पाच ते दहा टक्के धरलं तरी एका सालीमागे पाव ते अर्धा ग्रॅम हाती लागतं. पोटॅशच्या पोत्यातली एक चिमूट घेतली तरी तेवढं भरतं. नत्राची स्थिती याहून केविलवाणी आहे. एका सालीत ते ग्रॅमच्या विसाव्या भागाच्या आसपास असतं. खान्देशातल्या केळीसाठी शिफारस आहे ती झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश. एका झाडाचं पालाश सालींतून भागवायचं तर कणन् कण मुळांना मिळाला असं मानूनही काहीशे साली लागतील, आणि नत्रासाठी काही हजार.

यावर हमखास येणारं उत्तर असं की साल भिजवली की पालाश पाण्यात उतरतं ना? उतरतं. पालाश पेशीरसात विरघळलेल्या रूपातच असतं, त्याला सुटायला कुजण्याची वाट पाहावी लागत नाही. सल्ल्यातला एवढा भाग खरा आहे. नत्र मात्र प्रथिनांत अडकलेलं असतं. जिवाणूंनी साल नीट कुजवल्याशिवाय ते झाडाच्या उपयोगी पडत नाही, आणि तीन दिवसांत डब्यात होतं ते साखर आंबण्याचं काम. त्याला वास येतो, चिलटं जमतात. मग ज्या कुंडीत हे पाणी घालायचं तिला पालाश हवं होतं का, हे कुणी तपासलं? तापीकाठची काळी माती दख्खनच्या काळ्या खडकापासून बनलेली आहे. महाराष्ट्रातल्या अशा जमिनींत उपलब्ध पालाश सहसा भरपूर असतं, तुटवडा असतो नत्राचा आणि सेंद्रिय कर्बाचा. केळीसारख्या खादाड पिकाला वरून पालाश द्यावं लागतं, कारण घडाबरोबर ते वर्षानुवर्षं शेताबाहेर जातं. तीच माती भरलेल्या गच्चीवरच्या मोगऱ्याचं तसं नाही. त्याची खालची जुनी पानं पिवळी पडू लागली, तर ती बहुतेक वेळा नत्रासाठीची हाक असते, आणि तिला उत्तर म्हणून आणखी सालीचं पाणी ओतलं जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीपासूनच द्रवखत तयार केलं आहे, मग घरचं का चालणार नाही? ते खत केळीच्या खांबाच्या रसापासून, ठरलेल्या प्रक्रियेने बनवलेलं आणि पोषक केलेलं आहे. साल भिजवलेल्या पाण्याशी त्याचं नातं केवळ झाडाच्या नावापुरतं. ‘पण आमच्या गुलाबाला फरक पडला’ या दाव्याचं काय? शेजारी तसाच दुसरा गुलाब ठेवून त्याला तेवढंच साधं पाणी दिलं होतं का? खत घालू लागलेला माणूस पाणीही वेळेवर घालू लागतो, छाटणी करतो, कीड दिसली तर काढतो. यातल्या कशाने कळ्या आल्या, ते दुसऱ्या कुंडीशिवाय सांगता येत नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद, की फुकटचं आहे, बिघडतं काय? फेकण्यापेक्षा वापरणं चांगलं, हे कबूलच. वाद साल वापरण्याबद्दल नसून तिच्यावर किती भरवसा ठेवायचा याबद्दल आहे. कच्ची साल मुळाशी पुरली, तर ती कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र काही काळ उचलतात. तीच साल बारीक चिरून, सुका पालापाचोळा आणि थोडं शेण यांच्यासोबत खतखड्ड्यात गेली, तर सगळ्याचं मिळून चांगलं खत होतं. बकरी असेल तर प्रश्नच मिटला. साल तिला, लेंडी कुंडीला, हा खेड्यातला रिवाज डब्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे.

घरगुती काटकसरीच्या बाकीच्या युक्त्या थोडक्यात. चहाच्या चोथ्यात नत्र खरोखर असतं. दूध-साखर धुऊन तो मातीत मिसळला तर सालीपेक्षा उपयोगी, मात्र परिणाम सावकाश. अंड्याची टरफलं म्हणजे चुना, आणि इथली बरीचशी माती आधीच चुनखडीयुक्त आणि विम्ल, तिथे ती नुसती पडून राहतात. चुलीची राखही तिथे नको. ती मातीचा सामू आणखी वर नेते. तळणाचं तेल गाळलं की नवं होतं हा समज धोक्याचा आहे. गाळणीत तळलेले कण अडकतात, तापून तयार झालेली ध्रुवीय संयुगं तेलातच राहतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. रद्दीत गरम भजी बांधू नयेत, असं याच प्राधिकरणाने 2016 मध्ये बजावलं, कारण शाई तेलात उतरते. आणि कपाशीच्या पट्ट्यात सर्वांत घातक काटकसर म्हणजे कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी किंवा धान्य भरणं. डबा तीनदा विसळायला सांगतात तो उरलेलं औषध फवारणीच्या टाकीत जावं आणि डबा टाकताना धोका कमी व्हावा म्हणून. प्लास्टिकात मुरलेलं विष विसळून निघत नाही. त्या डब्याला भोक पाडून तो निकामीच करायचा असतो.