भाव विचारण्यापूर्वी

बँकॉकचा चातुचाक बाजार म्हणजे आपल्या आठवडी बाजाराचेच अवाढव्य रूप. शनिवारी-रविवारी तेथे हजारो दुकाने उघडतात. कापड, मातीची भांडी, लाकडी हत्ती, पाकिटे, सारे काही. सहलीला गेलेली आपली कुटुंबे तेथे हमखास जातात आणि घासाघीस करण्यात मागे राहत नाहीत. मीही राहिलो नाही.

बारीक काळ्या-पांढऱ्या मण्यांचे भासणारे एक पाकीट मला आवडले. 800 बाट सांगितलेले 450 ला घेतले आणि विजयी मुद्रेने गावी परतलो. महिन्याभराने शिरपूरला दर्शनास गेलो असता, कातडी पट्टे बाहेर ठेवताना एका स्नेह्यांनी ते पाकीट निरखून विचारले, “भाऊसाहेब, यात दोरा कुठे दिसत नाही. मणी ओवले कशात?” खरोखरच दोरा नव्हता. ते पाकट माशाचे कातडे होते. त्याच्या पाठीवरील कठीण कणच मण्यांसारखे दिसतात. तेच खिशात बाळगून मी महिनाभर मंदिरात जात होतो.

विक्रेत्याने मला फसविले नव्हते. भावासाठी मी पाव तास घालविला; वस्तू कशाची, हे एकदाही विचारले नाही. कर्ज देण्यापूर्वी तारण तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याची ही चूक!

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंताप्रमाणेच कातडे, शिंग, शंख अशा प्राणिज वस्तूंचा व्यापार त्यात येतो. असा व्यापार आपण करीत नाही; पण ग्राहक झालो की अनुमोदनेचा दोष लागतोच. रेशमी रुमालामागे कोशासह उकळलेले किडे असतात. शिंगाचे कंगवे व पोवळ्यांच्या माळाही प्राणिजच. कायद्याची बाजूही आहे. वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ करार 1975 पासून लागू असून भारत 1976 पासून त्याचा सदस्य आहे. हस्तिदंत किंवा मगरीच्या कातड्याची वस्तू परवान्याशिवाय आणल्यास विमानतळावर जप्त होऊ शकते.

निर्दोष वस्तूंची तेथे वाण नाही. नारळाच्या करवंटीच्या वाट्या, सुती कापड, चिनी मातीची भांडी आहेत. चिआंग माईजवळील बो सांग गावच्या रंगीत कागदी छत्र्या तर प्रसिद्धच आहेत.

ते पाकीट कोणाला देण्याचे मन झाले नाही. परदेशी निघालेले आप्त भेटावयास आले की ते त्यांच्या हातावर ठेवतो आणि कशाचे असेल, असे विचारतो. अजून तरी बहुतेक जण ‘मण्यांचे’ असेच सांगतात.